चिप फक्त वाचली, तरी पहिले सोळा बाइट गेले (२४सी ईईप्रॉम)

काळीमाती · १२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी वरूड तालुक्यातला. गावातल्या सहा संत्रा बागांत आम्ही मातीची ओल मोजणारे लॉगर पुरले आहेत. आंबिया बहारासाठी ताण दिला (म्हणजे फूट यावी म्हणून झाडांचं पाणी थांबवलं) की तो बसला की नाही हे जुने बागायतदार पानं पाहूनच सांगतात. पण मुळाशी ओल किती उरली, ती किती दिवसांत उतरली, हे आकड्यात हवं होतं.

डबी साधी आहे. एक छोटा कंट्रोलर, एक सेन्सर आणि आकडे साठवायला आठ पायांची ईईप्रॉम, म्हणजे करंट गेला तरी आकडे जपणारी मेमरी चिप. दर तीन तासांनी एक नोंद, नोंदीला दोन बाइट. सुरुवातीचे १६ बाइट हेडरचे. त्यात सुरू केल्याचा दिवस, महिना, वर्ष, तास. सेन्सरचा कोरड्या मातीतला आकडा, ओल्या मातीतला आकडा. पुढची नोंद कुठं लिहायची तो पॉइंटर. आणि लॉगरचा नंबर.

चार लॉगर मी यंदा बनवले, त्यात २४सी३२ आहे, ४०९६ बाइटांची ईईप्रॉम. दोन जुने आहेत, माझ्याआधी हे काम पाहणाऱ्या दादानं बनवलेले. तो आता बाहेर नोकरीला आहे. त्याच्या वहीत हेडरची रचना आहे, पण चिपपुढे नुसतं '२४सी' लिहिलंय. ओल लागू नये म्हणून चिपवर अॅराल्डाइट फासलंय, त्यामुळे नंबर दिसत नाही. मी २४सी३२ च धरून चाललो.

वाचायचा प्रोग्राम सी मध्ये, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर. आय-टू-सी बसची (दोन तारांवर चिपशी बोलायच्या जोडणीची) फाइल उघडायची, राइट करून पत्त्याचे दोन बाइट पाठवायचे, मग रीड करून ३२ बाइट घ्यायचे. असं १२८ वेळा, म्हणजे ४०९६ बाइट पूर्ण. माझ्या चारही लॉगरवर बिनतक्रार चाललं.

काल तीन नंबरचा, म्हणजे जुना लॉगर काढला. काय झालं ते क्रमानं सांगतो.

पहिल्याच रीडला 'रिमोट आय-ओ एरर' आली आणि प्रोग्राम थांबला. तीन-चारदा तेच. मग राइट आणि रीडच्या मधे १० मिलिसेकंदांचा स्लीप (थांबा) टाकला. एरर गेली. पण डेटा विचित्र. तेच ३२ बाइट आठ वेळा आले, मग तीच ओळ एक बाइट पुढे सरकून आठ वेळा, मग आणखी एक पुढे. पुन्हा चालवला तर सुरुवातच बदललेली! आता ओळीची सुरुवात ई० ई० ई० ई० अशी होते (हे हेक्स, म्हणजे सोळाच्या पद्धतीतले आकडे).

चिप मेली का? १ डिसेंबरच्या आसपासपासूनचा पूर्ण ताण तिच्यात आहे. बाग माझ्या काकांची आहे आणि यंदा फूट सगळ्यात चांगली तिथेच आली. म्हणून जीव अडकलाय.

---

सोल्डरवाला_आर्वी · १२ एप्रिल, रात्री १०:०५

भाऊ, आधी एक काम करा. त्या डबीचा करंट काढा अन् आता एकदाही वाचू नका. चिप मेलेली दिसत नाही मले. मेलेली मेमरी आयसी असे रांगेनं आकडे नाही देत, एकतर सगळे एफएफ देते नाहीतर बोलतच नाही.

मी वीस वर्षांपासून टीव्ही दुरुस्ती करून रायलो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चॅनलचं ट्यूनिंग याच आयसीत राहे. २४सी०२, ०४, ०८, १६, सगळ्याइचे पाय सारखे. एक काढा, दुसरी बसवा, बसते. पण बसली म्हणजे चालली असं नाही. तुमच्या दादानं कोणची टाकली ते आधी पाहा. अॅराल्डाइट असंल तर हॉट एअर गनची गरम हवा दुरून द्या, नरम होते, मग लाकडी काडीनं खरवडा. ब्लेड नका लावू, नंबरच जाते.

---

पैनगंगा · १२ एप्रिल, रात्री ११:२०

आर्वीचे दादा सांगतात तसं, आता वाचणं पूर्ण बंद. मी मूळची दारव्ह्याची, काम कर्नल ड्रायव्हरचंच करते, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातले चिपशी बोलणारे प्रोग्राम लिहिते. तीन गोष्टी विचारते, काळीमाती भाऊ.

राइट आणि रीड हे दोन वेगळे कॉल आहेत ना? एकत्र पाठवायची आय-ओ-कंट्रोल नाही ना वापरली?

आय-टू-सी-डिटेक्ट (बसवर कोणते पत्ते ओ देतात ते दाखवणारा प्रोग्राम) चालवलं होतं का? काय दिसलं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्लीप टाकल्यावरचा पहिला डंप (चिपमधून उतरवलेला सगळा डेटा) फाइलमध्ये जपला आहे का? असेल तर त्या फाइलची आत्ताच दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

---

काळीमाती · १३ एप्रिल, सकाळी ६:५०

ताई, दोन वेगळे कॉल. डिटेक्ट चालवलं होतं. हेक्स ५० पासून ५७ पर्यंत आठही पत्ते भरलेले दिसले. माझ्या लॉगरवर एकच दिसतो. मला वाटलं बस लोंबकळतेय, पुल-अप (बसच्या तारा वर ओढून धरणारे रेझिस्टर) कमी पडतायत.

पहिला डंप आहे! प्रत्येक वेळी नवीन फाइल बनते, तारीख-वेळेच्या नावानं. कॉपी केली, पेनड्राइव्हवरही घेतली.

---

पैनगंगा · १३ एप्रिल, सकाळी ८:३०

मग तुमचा डेटा जवळपास सगळा वाचलाय. सविस्तर लिहिते, कारण ही गोष्ट ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी नडते.

आठ पत्ते दिसले तिथेच ओळख पटली. ही २४सी१६ आहे. तिच्यात २०४८ बाइट असतात आणि आतला पत्ता ती एकाच बाइटचा घेते. एका बाइटात २५६ च जागा सांगता येतात, म्हणून उरलेले तीन बिट ती स्वतःच्या बसवरच्या पत्त्यात घालते. म्हणजे ५० ते ५७ या आठ खोल्या, प्रत्येक खोलीत २५६ बाइट. २४सी३२ पासून वरच्या चिपना आतला पत्ता दोन बाइटांचा लागतो, वरचा बाइट आधी. त्यातल्या बहुतेक बसवर एकाच पत्त्याला ओ देतात. (डिटेक्टनं काही बिघडलं नसणार. या पट्ट्यात ते मुद्दाम एक बाइट वाचूनच विचारतं.)

आता मूळ दुखणं. या चिपमध्ये हव्या त्या जागेवरून वाचायचं तर सुरुवात लिहिण्यानंच होते. आधी 'लिहितोय' असं सांगून आतला पत्ता पाठवायचा, मग दिशा फिरवून वाचायचं. 'हा पत्ता आहे' आणि 'हा डेटा आहे' असा फरक तारेवर कुठंच नसतो. चिप फक्त मोजते. २४सी१६ च्या हिशेबात पहिला बाइट पत्ता आणि त्यापुढचा प्रत्येक बाइट साठवायचा माल.

तुम्ही जागा शून्य मागायला ०० ०० पाठवले. चिपला ऐकू आलं: 'जागा शून्यवर शून्य लिही.' त्यानंतर तुमचा राइट कॉल संपला आणि बसवर स्टॉप गेला. या चिप आलेला बाइट आधी बफरमध्ये धरतात आणि स्टॉप आला की आत कोरायला घेतात. कोरायला साधारण ५ मिलिसेकंद लागतात, जुन्या चिपना १०. तेवढा वेळ ती कोणालाच ओ देत नाही. तुमची 'रिमोट आय-ओ एरर' तीच होती. चिप सांगत होती की मी लिहिण्यात गुंतले आहे. स्लीप टाकलात तेव्हा तिला लिहून संपवायला सवड मिळाली, म्हणून एरर दिसेनाशी झाली. तुमच्या २४सी३२ वर स्लीप कधीच लागला नाही, कारण तिथं दोन्ही बाइट पत्त्यातच गेले. माल आलाच नाही, त्यामुळे कोरायलाही काही नव्हतं.

आता तुमचा डंप या नजरेनं पाहा. ३२ च्या टप्प्यानं तुम्ही ००००, ००२०, ००४० असं ००ई० पर्यंत गेलात. वरचा बाइट आठही वेळा ००, म्हणून जागा शून्यवरच आधी ००, मग २०, ४० असं करत शेवटी ई० बसलं. लिहून झालं की चिपचा आतला काटा एक पुढे सरकतो, म्हणजे आठही वेळा तुम्ही वाचलं ते जागा १ पासूनचं. म्हणून तीच ओळ आठदा. पुढे ०१०० आलं, मग जागा १ वर तेच, आणि वाचन २ पासून. ४०९६ बाइट मागितले म्हणजे वरचा बाइट ०० ते ०एफ. जागा ० ते १५ खाल्ल्या गेल्या. तुमचं हेडर बरोबर तेवढंच आहे. सतराव्या बाइटापासूनच्या नोंदींना धक्का नाही.

आणि पहिल्या डंपची पहिली ओळ बघा. ती वाचली गेली तेव्हा फक्त जागा ० गेली होती. १ ते १५ मूळचेच होते, आणि ते त्या ओळीत उतरलेत. एकच बाइट खरा हरवला आहे.

---

काळीमाती · १३ एप्रिल, सकाळी ९:१५

ताई, हे वाचून मी खुर्चीतून उठलो. पहिली ओळ आहे:

०सी १९ ०सी २सी ०३ ८सी ०१ ०० ०८ ०३ एफएफ एफएफ एफएफ एफएफ एफएफ, आणि पुढे नोंदी.

०सी म्हणजे महिना १२, १९ म्हणजे वर्ष २५, ०सी म्हणजे दुपारचे १२. लॉगर नंबर ०३ बरोबर. पण कोरड्याचा आकडा २सी०३ म्हणजे ११,२६७ येतो. सेन्सर १०२३ च्या वर जातच नाही.

---

पैनगंगा · १३ एप्रिल, सकाळी ९:४०

धाकटा बाइट आधी लिहिलाय. उलटा करा: ०३२सी म्हणजे ८१२. ओल्याचा ०१८सी, म्हणजे ३९६. पॉइंटर ०८००, म्हणजे २०४८, चिप पूर्ण भरून लॉगर थांबलाय. दोन बाइटांचा पत्ता घेणारी चिप तो मोठा बाइट आधी घेते, पण आत साठवलेल्या संख्या कोणत्या क्रमानं लिहायच्या हे कंट्रोलरच्या प्रोग्रामवर असतं. दोन्हींची गल्लत करायची नाही.

---

हिंगणघाट_पॅनल · १३ एप्रिल, दुपारी १:१०

धाग्यात मधेच घुसतो, पण प्रश्न याच घरातला आहे. जिनिंगच्या एका जुन्या पॅनलमधली ९३सी४६ ही मेमरी चिप वाचतोय, १६ बिटांच्या मोडमध्ये. पॅनलच्या डिस्प्लेवर ५०० दिसतं तिथं मला २५० मिळतं. सगळेच आकडे निम्मे. भागाकार कुठंच केलेला नाही.

---

पैनगंगा · १३ एप्रिल, दुपारी १:३५

ही मायक्रोवायर या दुसऱ्या बसची चिप, चाल वेगळी. पत्त्याचा शेवटचा बिट गेला की डेटाच्या आधी ती एक रिकामा शून्य बिट काढते. तुम्ही तोच पहिला बिट धरलात, म्हणून सगळं एक घर उजवीकडे सरकलं आणि आकडा निम्मा झाला. विषम आकड्यांचा शेवटचा बिट तर गळूनच गेला असेल, त्यामुळे दुपटीनं गुणून भागणार नाही. एक क्लॉक जास्त द्या आणि पहिला बिट सोडा.

---

हिंगणघाट_पॅनल · १३ एप्रिल, दुपारी २:२०

बसलं. ५०० ला ५००. मनापासून आभार.

---

सोल्डरवाला_आर्वी · १३ एप्रिल, दुपारी ३:००

काळीमाती भाऊ, पुन्हा वाचायच्या आधी हे करा. पाय नंबर सात म्हणजे राइट प्रोटेक्ट. तो जमिनीला असला तर लिहिता येते, सप्लायला असला तर बहुतेक चिप लिहूच देत नाहीत. आठ नंबर म्हणजे सप्लाय, अन् तो साताच्या बाजूलेच आहे. पण थेट सात-आठ जोडू नका! बहुतेक बोर्डावर सात खाली जमिनीला गेलेला राहते, जोडला की सप्लायच शॉर्ट. आधी साताच्या पायाले गरम करून सुईनं वर उचला, बोर्डापासून सुटला का मीटरवर बीप पाहा, अन् मग बारीक तारेनं आठाले जोडा.

दुसरं म्हणजे चिप बोर्डावरच वाचसान तर कंट्रोलरचा रिसेट जमिनीला धरून ठेवा. नाहीतर तुमच्या रास्पबेरी पायनं करंट दिला की तोही जागा होते अन् त्याच तारेवर बोलाले लागते.

---

पैनगंगा · १३ एप्रिल, दुपारी ४:१५

दादांचा सात नंबरचा उपाय कुठल्याही कोडपेक्षा पक्का आहे. तो झाला की कर्नलमधला तयार एटी२४ ड्रायव्हर वापरा. बसच्या 'न्यू डिव्हाइस' फाइलमध्ये प्रकार २४सी१६ आणि पत्ता हेक्स ५० लिहिला की तो आठही खोल्या स्वतः घेतो आणि २०४८ बाइटांची एक सलग फाइल देतो. प्रकार मात्र बरोबर सांगा. ड्रायव्हरला चिप ओळखता येत नाही, तो तुमच्या शब्दावर चालतो.

स्वतःचा ड्रायव्हर लिहायचा असेल तर पत्ता पाठवणं आणि वाचणं हे दोन मेसेज एकाच ट्रान्सफरमध्ये द्या. मग मधे स्टॉप जात नाही, पुन्हा स्टार्ट जातो आणि दिशा फिरते. ट्रान्सफरनं परत दिलेला आकडा २ आहे का हे तपासा. शून्यापेक्षा मोठा म्हणून पुढे जाऊ नका, कारण एकच मेसेज गेला तरी १ येतो. मधे स्टॉप नसेल तर चुकीच्या रुंदीचा पत्ता गेला तरी कोरणं सुरू व्हायला नको, असं डेटाशीटच्या (चिपच्या माहितीपत्रकाच्या) भाषेवरून निघतं. तरी त्या भरवशावर दुसऱ्याच्या हंगामाचा डेटा ठेवू नये.

आणि एरर आली की स्लीप टाकून पुढे जायची सवय सोडा, हे बहिणीसारखं सांगते. वाचणाऱ्या प्रोग्रामला चिप 'गुंतले आहे' म्हणत असेल, तर तिला कोणी गुंतवलं हे आधी शोधायचं.

---

काळीमाती · १४ एप्रिल, रात्री ८:३०

झालं! सकाळी अॅराल्डाइट काढलं. खाली २४सी१६ च निघाली. सातवा पाय उचलला, मीटरनं पाहिलं, आठला जोडला, रिसेट जमिनीला धरला. एटी२४ नं २०४८ बाइट एका दमात दिले. दोनदा काढले, दोन्ही फाइल बाइटन् बाइट सारख्या. पहिले सोळा ई०, पुढे १०१६ नोंदी. दिवसाला आठ म्हणजे १२७ दिवस.

राहिला तो हरवलेला एक बाइट, सुरुवातीचा दिवस. महिना डिसेंबर, वेळ दुपारी १२ हे माहीत. तारीख मात्र ना माझ्या लक्षात, ना वहीत. मी 'आसपास' म्हणालो होतो तो अंदाजच होता.

संध्याकाळी काकांकडे गेलो. लॉगर कधी पुरला ते त्यांनाही आठवेना. मी आलेख दाखवला. बोटानं रेघ धरून गेले आणि एका जागी थांबले. आकडा ७४८ वरून एकदम ४२१ वर पडला होता. (आमच्या सेन्सरचा आकडा ओल वाढली की उतरतो.) म्हणाले, "हे माह्यं पाणी आहे. संकरातीच्या रात्री ताण तोडला. लाइन बाराले आली, तुही काकू तिळगूळ घेऊन धुऱ्यावर आली होती. हे काय विसरायची गोष्ट आहे काय?"

ती नोंद मोजली. ३५८ वी. तिच्याआधी ३५७ टप्पे, प्रत्येकी तीन तास, म्हणजे १०७१ तास. ४४ दिवस आणि १५ तास. लाइन (शेताची वीज) रात्री बाराला आली असेल तर ओल पहिल्यांदा पहाटे तीनच्या नोंदीत दिसणार. १५ जानेवारी पहाटे ३ मधून ४४ दिवस १५ तास मागे गेलो, तर १ डिसेंबर, दुपारी १२. तास हेडरमधल्या तासाशी तंतोतंत जुळला. काकांना हेडरमध्ये काय आहे हे माहीतच नव्हतं.

चिपमध्ये ती नोंद ७३० व्या जागी आहे, म्हणजे खोली ५२, आतली जागा डीए. तिथले दोन बाइट मी वेगळे काढून पाहिले: ए५ ०१. उलटे केले, ४२१. काकांचं पाणी.

---

पैनगंगा · १४ एप्रिल, रात्री ९:०५

डोळ्यांत पाणी आलं वाचून. काकूंना नमस्कार सांगा. हेडर परत लिहायच्या भानगडीत पडू नका. चिप आहे तशीच पाकिटात ठेवा, दुरुस्ती फाइलच्या कॉपीत करा. बऱ्याच डेटाशीटमध्ये या चिप १०० वर्षं डेटा धरून ठेवतील असं लिहिलेलं असतं.

---

सोल्डरवाला_आर्वी · १४ एप्रिल, रात्री ९:२०

वा भाऊ! अन् तो दादाचा दुसरा जुना लॉगर कुठी आहे?

---

काळीमाती · १४ एप्रिल, रात्री ९:३२

पाच नंबरचा. शेजारच्या बागेत, अजून जमिनीतच आहे. उद्या सकाळी काढतो. रास्पबेरी पायला जोडायच्या आधी चिपचा सातवा पाय उचलतो आणि इथंच कळवतो.